मिनरल प्रोसेसिंगच्या कंपनीत पैसे घालताय? आधी टेलिंगचा आकडा मागा

"आमच्याकडं नवीन टेक्नॉलॉजी आहे, लो ग्रेड मातीतून हाय ग्रेड माल काढतो, आत्ता शेअर स्वस्तात मिळायलेत." असं कुणी सांगितलं की आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात लोक लगेच कान देतात, आणि ते साहजिक आहे. एका बाजूला बळ्ळारी-संडूरचं लोहखनिज, घाट उतरला की गोव्याचे डंप, म्हणजे खाणीजवळ टाकलेल्या लो ग्रेड मालाचे ढीग, आणि यमनापूरला हिंडाल्कोचा अ‍ॅल्युमिना प्लांट तर आपण लहानपणापासून बघतोय. उद्यमबाग-मच्छेत दर चार घरांमागं एक जण फाउंड्रीशी जोडलेला. त्यामुळं खनिज, ग्रेड, भट्टी हे शब्द ओळखीचे वाटतात आणि ओळखीचं वाटलं की विश्वास लवकर बसतो. पैसाही अशाच जागचा असतो, उसाचं बिल, तंबाखूचे पैसे, मिलिटरीतून रिटायर झालेल्याची ग्रॅच्युइटी, हायवेत गेलेल्या जमिनीचा मोबदला. परत परत न मिळणारा पैसा आहे हा, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

मी मेटलर्जीचा माणूस, बरीच वर्षं ओअर टेस्टिंगच्या लॅबमध्ये काढलीत. शेअर बाजारातला तज्ज्ञ नाही. पण अशा कंपनीची पारख बॅलन्स शीटच्या आधी प्लांटच्या आकड्यांत होते आणि ते आकडे बारावी पास माणसालाही तपासता येतात.

आधी कंपनी नेमकं काय विकते ते ठरवा

मिनरल प्रोसेसिंग म्हणजे खाणीतला कच्चा माल फोडून, दळून, त्यातला कामाचा भाग आणि दगडमाती वेगळी करणं. वेगळं करायला जिग, स्पायरल, हायड्रोसायक्लोन, मॅग्नेटिक सेपरेटर, फ्लोटेशन (केमिकलच्या फेसाबरोबर दाणे वर काढणं) अशा पद्धती आहेत, या सगळ्या जुन्या आणि माहितीतल्या. आता टेक्नॉलॉजी कंपनी म्हणजे नक्की काय, ती मशीन विकते, प्लांट उभारून देते, लायसन्स देऊन रॉयल्टी घेते, की स्वतःच डंप विकत घेऊन माल काढून विकते? या चार धंद्यांचं गणित पूर्ण वेगळं आहे. प्लांट उभारणीत मार्जिन कमी आणि पैसे अडकून राहतात. झिजणारे पार्ट विकणाऱ्यांचं बरं असतंय, कारण दळायच्या मिलचे लायनर, म्हणजे आतलं अस्तर, झिजतात आणि गिऱ्हाईक परत येतंय. आपल्याकडच्या लिस्टेड कंपन्यांत एआयए इंजिनिअरिंग आणि टेगा इंडस्ट्रीज या मुख्यतः अशा झिजणाऱ्या मालावर उभ्या आहेत. दोन्हींचे अ‍ॅन्युअल रिपोर्ट उघडून बघा, शेअर घ्या म्हणून नाही, तर या धंद्यात खरा पैसा कुठून येतोय ते कळायला. समोरचा माणूस हे चारही धंदे एका दमात सांगायला लागला तर थांबवा आणि विचारा, मागच्या वर्षी यातल्या कुठल्या कामाचं बिल निघालं?

टेलिंगचा हिशोब, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग

प्रेझेंटेशनला आलेला माणूस नेहमी कॉन्सन्ट्रेटची, म्हणजे वेगळ्या काढलेल्या चांगल्या मालाची, बाटली दाखवतो. काळी चकचकीत पावडर, वर लेबल, ६४ टक्के लोह. मला विचाराल तर त्या बाटलीला अर्थ नाही, कारण मूठभर हाय ग्रेड माल कुणीही काढून दाखवू शकतो, लॅबमध्ये आम्ही शिकाऊ पोरांकडून काढून घ्यायचो. खरं काय ते मागं राहिलेल्या मालात असतंय, त्याला टेलिंग म्हणतात, बोलताना नुसतं टेल. टेलमध्ये किती धातू वाया गेला हे कळलं की सगळं कळलं.

चार आकडे मागा: फीडचा ग्रेड, कॉन्सन्ट्रेटचा ग्रेड, टेलचा ग्रेड आणि रिकव्हरी. फीड म्हणजे प्लांटमध्ये घातलेला कच्चा माल, ग्रेड म्हणजे मालात धातू किती टक्के. रिकव्हरी म्हणजे फीडमध्ये जेवढा धातू होता त्यातला किती टक्के कॉन्सन्ट्रेटमध्ये आला. इथं आपल्या ऊसवाल्या माणसाची गल्लत होते, साखर कारखान्याचा उतारा उसाच्या वजनावर काढतात, शंभर टन उसाला दहा-अकरा टन साखर असा, आणि इथली रिकव्हरी धातूच्या वजनावर असते. उसाच्या उताऱ्यासारखा इथं जो आकडा आहे त्याला यील्ड म्हणतात. रिकव्हरी ९० ऐकून शंभर टनातून नव्वद टन माल निघतो असं समजू नका.

आता समजा पत्रकात लिहिलंय की फीड ४५ टक्के लोह, कॉन्सन्ट्रेट ६४, टेल २५, रिकव्हरी ९०. वाचायला झकास वाटतंय. कागद घ्या. १०० टन फीडमध्ये लोह ४५ टन. त्याच्या ९० टक्के म्हणजे ४०.५ टन कॉन्सन्ट्रेटमध्ये गेलं. ६४ टक्क्यांच्या मालात ४०.५ टन लोह असेल तर माल झाला ६३.३ टन. मग टेल उरलं ३६.७ टन आणि त्यात लोह साडेचार टन, म्हणजे टेलचा ग्रेड १२ च्या आसपास यायला पाहिजे. पत्रकात तर २५ लिहिलंय. उलटं करा, टेल खरंच २५ असेल तर? फीडमधून टेल वजा करा, ४५ उणे २५ म्हणजे २०. कॉन्सन्ट्रेटमधून टेल वजा करा, ६४ उणे २५ म्हणजे ३९. वीसला एकोणचाळीसनं भागा, यील्ड आलं ५१.३ टक्के. त्या ५१.३ टनात लोह ३२.८ टन, म्हणजे रिकव्हरी ७३ च्या जवळ. पत्रकातल्या ९० आणि या ७३ मधला फरक म्हणजे दर शंभर टनाला बारा टन विकायचा माल कमी. वर्षाला दहा लाख टन फीडचा प्लांट असेल तर १ लाख २० हजार टन माल फक्त कागदावर आहे, आणि नफ्याचं सगळं गणित त्याच्यावर बसवलेलं असतंय.

हे चार आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर दोनच शक्यता, एकतर त्यांना स्वतःलाच हिशोब येत नाही नाहीतर मुद्दाम फुगवलंय. दोन्हीत पैसे घालू नका. आणि आकडे जुळले तरी बघा की पटण्यासारखे आहेत का. शुद्ध हेमाटाइटमध्ये लोह असतंय ६९.९ टक्के, मॅग्नेटाइटमध्ये ७२.४. हेमाटाइटपासून ७२ टक्क्यांचा माल म्हणणारा माणूस निसर्गाच्या पुढं गेलाय. तसंच टेल फारच कमी, पाच-सहा टक्के सांगत असतील तर दाणा किती बारीक दळला ते विचारा. आपल्याकडच्या खनिजात लोह आणि सिलिका, अ‍ॅल्युमिना इतके एकमेकात मिसळलेले असतात की बारीक दळल्याशिवाय सुटत नाहीत आणि जास्त बारीक दळलं की स्लाइम होतंय, म्हणजे चिखलासारखा गाळ, ते ना जिगमध्ये धरलं जातं ना स्पायरलमध्ये, शिवाय दळायच्या विजेचं बिल वेगळंच. म्हणून टनाला किती युनिट वीज आणि किती पाणी हे दोन आकडे त्याच दमात मागून घ्या.

"अहो काका, ते टेक्निकल आहे, तुम्ही रिटर्न बघा," असं उत्तर आलं तर चहा घ्या आणि घरी या.

सॅम्पल कुणी घेतलं?

लॅबचा रिपोर्ट दाखवतात तेव्हा लोक आकडा बघतात. मी आधी "सॅम्पल पार्टीनं आणून दिलं" अशा अर्थाची ओळ शोधतो, ती बहुतेक रिपोर्टवर खाली बारीक अक्षरात असते. तिचा अर्थ एवढाच की लॅबनं हातात आलेली पुडी तपासली, ती पुडी कुठल्या डंपाची, कुणी भरली याची जबाबदारी लॅबची नाही. लॅब शंभर टक्के प्रामाणिक असून सुद्धा रिपोर्ट खोटं चित्र दाखवू शकतो.

जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कॅनडाची ब्रे-एक्स कंपनी. इंडोनेशियातल्या बुसांगला सोनं सापडलं म्हणून हिचा शेअर आकाशाला भिडला, कंपनीची किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत गेली. १९९७ साली बाहेरच्या कंपनीनं स्वतः ड्रिल करून बघितलं तर सोनं नगण्य. सॅम्पल लॅबला जायच्या आधीच त्यात बाहेरचं सोनं मिसळलं जात होतं. लॅब बाहेरची होती, आकडे खरे होते, पुडीच खोटी होती. आणखी एक गोष्ट, ड्रिलची कोर, म्हणजे ड्रिल करताना निघणारी दगडाची लांब कांडी, उभी चिरून अर्धी जपून ठेवायची ही पद्धत, यांनी जवळजवळ अख्खी कोर दळून पाठवली, त्यामुळं परत तपासायला मागं काही राहिलंच नव्हतं. म्हणून विचारा: सॅम्पल कुणी घेतलं, किती ठिकाणाहून, किती टन, आणि राखीव भाग कुठं ठेवलाय? राखीव सॅम्पल तुमच्या पसंतीच्या लॅबला द्यायला तयार आहेत का?

लॅब कुठली तेही बघा. नागपूरच्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची ओअर ड्रेसिंग लॅब आणि पायलट प्लांट आहे, भुवनेश्वरला आयएमएमटी, जमशेदपूरला नॅशनल मेटलर्जिकल लॅबोरेटरी, बॉक्साइट आणि लाल चिखलाचं (अ‍ॅल्युमिना काढल्यावर उरणारा गाळ) असेल तर नागपूरचंच जेएनएआरडीडीसी. अशा ठिकाणचा पूर्ण रिपोर्ट असेल तर वजन आहे, पण पूर्ण, पहिलं पान आणि शेवटचं पान नाही. खाजगी लॅब असेल तर एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी संस्था) शिक्का बघून गप्प बसू नका, एनएबीएलच्या साइटवर त्या लॅबचा स्कोप उघडा, कितीतरी लॅबना मान्यता असते ती पाण्याच्या नाहीतर मातीच्या टेस्टची, लोहखनिजाची नसते.

बादलीत झालं म्हणजे प्लांटमध्ये होईल असं नाही

लॅबमध्ये किलोभर मालावर टेस्ट करतात, मग पायलट प्लांटमध्ये टनावारी, मग छोटा डेमो प्लांट, मग खरा धंदा. प्रत्येक टप्प्यावर नवीन अडचण निघते आणि ती आधी कळत नाही. पाण्याचंच घ्या. लॅबमध्ये प्रत्येक टेस्टला नळाचं ताजं पाणी, प्लांटमध्ये तेच पाणी फिरून फिरून वापरायचं, त्यात क्षार आणि केमिकल साचत जातात आणि चार-आठ दिवसांनी फ्लोटेशनचा फेस बिघडतो. म्हणून पायलटचा रिपोर्ट दाखवला की माझा प्रश्न ठरलेला, न थांबता सलग किती तास चालवला? "आठवड्यात तीनदा, सहा-सहा तास" याला सलग म्हणत नाहीत.

ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकाच्या शेवटी निकेलचे तीन प्लांट उभे राहिले, बुलाँग, कॉस आणि मरिन मरिन. तिथली अ‍ॅसिडनं प्रेशरखाली धातू विरघळवायची पद्धत क्युबात १९५९ पासून चालू होती, म्हणजे नवीन शोध सुद्धा नव्हता, तरी वेगळं खनिज आणि मोठा स्केल आल्यावर तिन्ही प्लांट अडखळले, खर्च वाढत गेला आणि बुलाँग, कॉसच्या मालकांना प्लांट सोडावे लागले. मरिन मरिन चाललं, पण बरीच वर्षं आणि बराच पैसा गेल्यावर. चालू टेक्नॉलॉजीची ही गत असेल तर ज्याचा एकही प्लांट उभा नाही त्यानं "१८ महिन्यात फुल कपॅसिटी" म्हटलं तर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच बघा.

प्लांट असेल तर जाऊन या. संडूर-होस्पेट इथून काही लांब नाही. गेल्यावर ऑफिसात बसू नका, लॅबमध्ये जा आणि शिफ्टची लॉगशीट मागा. एका ठिकाणी मी बघितलेली लॉगशीट अजून डोळ्यासमोर आहे, महिनाभर प्रत्येक शिफ्टला फीड ४५.०, एकाच पेनानं, एकाच अक्षरात. खाणीतला माल असा कधीच येत नाही. एक ट्रक ४८ येतो, पुढचा ४१, पावसाळ्यात ओलाव्यानं आणखी बदलतंय. आकडे वरखाली होणारी, मधे खाडाखोड असलेली, "पंप बंद २ तास" असं बाजूला लिहिलेली शीट मला जास्त खरी वाटते. मग वजनकाट्याच्या पावत्या आणि विजेचं बिल बघा, प्लांट खरंच चालला असेल तर वीज जळलेली असणारच.

पेटंट, एमओयू आणि मोठे शब्द

पेटंटवर जास्त वेळ घालवू नका. अर्ज केलेला आणि मंजूर झालेला यात फरक आहे, आणि पेटंट ऑफिसच्या साइटवर नंबर टाकून कुणालाही बघता येतंय. मंजूर पेटंटचाही अर्थ एवढाच की कल्पना नवीन आहे, फायद्यात चालते असा नाही. "वर्ल्डवाइड पेटंट" नावाची गोष्ट नसतेच. एमओयू, म्हणजे नुसता समजुतीचा करार, हा हस्तांदोलनाचा फोटो, त्यापेक्षा पर्चेस ऑर्डर आणि त्यावर आलेला अ‍ॅडव्हान्स विचारा. गिऱ्हाइकाला परफॉर्मन्स गॅरंटी लिहून दिली आहे का, म्हणजे रिकव्हरी आली नाही तर दंड भरू असं? दिली असेल तर कंपनीचा स्वतःवर विश्वास आहे.

सध्या क्रिटिकल मिनरल, म्हणजे देशाला अत्यावश्यक खनिजं, हा शब्द जोरात आहे. सरकारनं २०२३ ला ३० खनिजांची यादी काढली, जानेवारी २०२५ ला नॅशनल क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी दिली, हे खरं आहे. पण मिशन आहे म्हणून अमुक कंपनीची पद्धत चालते असं होत नाही. आपल्याच राज्यातलं मंड्याचं लिथियम बघा, केवढी चर्चा झाली, २०२१ ला संसदेत सांगितलेला आकडा १,६०० टन आणि तोही इन्फर्ड, म्हणजे अंदाजाच्या खालच्या पातळीवरचा. आणि जमिनीत आहे म्हणजे परवडेल अशा खर्चात काढता येतंय असंही नाही.

परवानगीचं विसरू नका. कुद्रेमुखचा लोहखनिजाचा प्लांट टेक्निकली उत्तम चालत होता, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं २००५ च्या शेवटी तिथली खाण बंद झाली. गोव्यात २०१८ ला खाणींच्या ८८ लीज एका निकालात गेल्या. डंपावर प्रोसेस करणार म्हणणाऱ्याला सरळ विचारा, डंप कुणाच्या मालकीचा, उचलायची परवानगी कुणाच्या नावावर, टेलिंग टाकायला जागा कुठली आणि पोल्युशन बोर्डाची संमती आहे का. या कागदांच्या झेरॉक्स मागायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

आता कंपनीचे कागद

एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी खात्याच्या, साइटवर कंपनीचं नाव टाका. कधी सुरू झाली, डायरेक्टर कोण, त्यांच्या आणखी किती कंपन्या आहेत आणि त्यातल्या किती बंद, हे दिसतंय. थोडी फी भरली की बॅलन्स शीट मिळते. त्यात तीन ठिकाणी बघा. एक, विक्री किती आणि त्यातली किती येणं बाकी. दोन, रिलेटेड पार्टीचा तक्ता, मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला विकून विक्री दाखवलीय का. तीन, "इंटॅन्जिबल अ‍ॅसेट अंडर डेव्हलपमेंट" नावाखाली मोठा आकडा बसलाय का, कारण बऱ्याचदा झालेला खर्च तोट्यात न दाखवता तिथं ठेवून कंपनी नफ्यात दिसते. ऑडिटर वरचेवर बदलत असतील तर तेही नोंदवून ठेवा. हे समजत नसेल तर गावातल्या सीएला फी देऊन दाखवा. पाहुण्यातला सीए चालेल, पण ज्यानं प्रस्ताव आणलाय त्याचाच सीए नको.

पैसे कशाच्या नावाखाली घेतायत हे तर नीट बघाच. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला लोकांकडून उघडपणे शेअरचे पैसे मागता येत नाहीत. प्रायव्हेट प्लेसमेंट, म्हणजे ठरावीक लोकांनाच शेअर देऊ करणं, करता येते, पण नाव घालून दिलेलं ऑफर लेटर पाहिजे, एका आर्थिक वर्षात २०० च्या वर लोकांना ऑफर देता येत नाही, जाहिरात करता येत नाही, आणि पैसे तुमच्या खात्यातून कंपनीच्या वेगळ्या बँक खात्यातच जायला पाहिजेत, कॅश चालत नाही. हॉल भाड्यानं घेऊन, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकून, एजंटच्या हातात पैसे द्यायचे, हे यात कुठंच बसत नाही. "महिन्याला दोन टक्के नक्की" असं असेल तर तो शेअरच नाही, ठेव झाली, आणि नियमात नसलेल्या ठेवी घ्यायला २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे. एजंट आपला मावसभाऊ असो नाहीतर भजनी मंडळातला, नियम तोच. उलट जवळचा माणूस असेल तर त्यालाच आधी हे सगळं वाचायला द्या, त्याचंही बहुतेक वेळा त्यात अडकलेलं असतंय.

एसएमई आयपीओ, म्हणजे छोट्या कंपनीची शेअर बाजारातली पहिली विक्री, असेल तर ऑफर डॉक्युमेंट असतंय, एवढा फायदा. त्यात पैसा कशाला वापरणार ते वाचा आणि ऑफर फॉर सेल किती ते बघा, तेवढा पैसा कंपनीत न जाता जुन्या मालकांच्या खिशात जातो. त्यात वाईटच असतंय असं नाही, पण "प्लांटसाठी फंड" असं सांगून विकत असतील तर ताडून बघा.

किती पैसे घालायचे याचं माझं मत विचाराल तर सगळं नीट जुळलं तरी जेवढे बुडाले तर घरात कुणाचं शिक्षण, लग्न, औषधपाणी अडणार नाही तेवढेच. आणि लिस्टेड नसलेल्या कंपनीचा शेअर पाहिजे तेव्हा विकता येत नाही, गिऱ्हाईक मिळत नाही, हे धरून चाला.

आधीच प्रायव्हेट प्लेसमेंटमध्ये पैसे दिले असतील तर तारीख बघा. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर अलॉट करायला पाहिजेत, नाही केले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, तेही नाही केलं तर साठाव्या दिवसापासून वर्षाला १२ टक्के व्याजासकट द्यावे लागतात. फोनवर बोलत बसू नका, लेखी मागा, रजिस्टर पोस्टानं कंपनीच्या रजिस्टर्ड पत्त्यावर, सोबत बँकेच्या एंट्रीची कॉपी. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि मीटिंगचं पत्रक डिलीट करू नका. कंपनी कर्नाटकात रजिस्टर असेल तर तक्रार बेंगळुरूच्या रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडं, महाराष्ट्रात किंवा गोव्यात असेल तर तिथल्या, आणि फसवणूकच दिसत असेल तर बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि नार्कोटिक्स गुन्ह्यांच्या) पोलीस स्टेशनला. एकट्यानं जाण्यापेक्षा ज्यांनी ज्यांनी पैसे दिलेत त्यांची यादी, तारखा आणि रकमा एका कागदावर करून सगळ्यांनी मिळून जा.